चिरनेरच्या आठ नांवांचा महजर

(१)

प्रस्तुत लेखांत आठ ओळींच्या एका यादीचा विचार करावयाचा आहे. ही यादी कोणत्याही संस्थानच्या दफ्तरांतून निघालेली नाहीं. तिच्यावर शिक्का नाहीं, मोर्तब नाहीं, आणि ती मोडींत लिहिलेलीही नाहीं. जुन्या कागदांच्या शोधांत आयुष्य वेंचणाऱ्या वाचकांस ती प्रथमदर्शनीं ऐतिहासिक साधन म्हणून मान्य होईल कीं नाहीं, अशी शंका येणें साहजिक आहे. तथापि सामान्य रयतेचीं नांवें बापाच्या नांवासह व गांवासह ज्यांत आलीं आहेत, अशीं साधनें पनवेल व उरण ह्या भागाच्या अर्वाचीन इतिहासास फार थोडीं उपलब्ध आहेत. त्यांत ह्या यादीचें स्थान वरचें आहे, असें प्रस्तुत लेखकाचें मत आहे.

यादी पुढीलप्रमाणें आहे :—

१. धाकू गवत्या फोफेरकर, चिरनेर.
२. नाग्या महादू कातकरी, चिरनेर.
३. रामा बामा कोळी, मोठी जुई.
४. आनंदा माया पाटील, धाकटी जुई.
५. रघुनाथ मोरेश्वर न्हावी, कोप्रोली.
६. परशुराम रामा पाटील, पाणदिवे.
७. हसुराम बुधाजी घरत, खोपटें.
८. आलू बेमट्या म्हात्रे, दिघोडें.

ता. २५ सप्टेंबर १९३० रोजीं चिरनेर येथें जंगल सत्याग्रहाच्या प्रसंगीं जो गोळीबार झाला, त्यांत हीं आठ माणसें कामास आलीं. शके १८५२ च्या आश्विन शुद्ध पक्षाचा तो आरंभ होता. नवरात्र चाललें होतें. वार गुरुवार होता. चिरनेर हा गांव आज रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यांत मोडतो. त्या वेळीं जिल्ह्याचें नांव कुलाबा होतें, तें १९८१ सालीं बदललें. आणि उरण हा स्वतंत्र तालुका नसून पनवेल तालुक्याचा पेटा होता. चिरनेरच्या प्रकरणांत पनवेलच्या मामलेदारांचा संबंध कां आला, हें ह्यावरून ध्यानांत येईल.

यादींतील दुसऱ्या नांवास एक पाठभेद आहे. कोठें कोठें तें ‘नवश्या महादेव कातकरी’ असें वाचावयास मिळतें. बापाच्या नांवांतील फरक केवळ बोलण्याचा व लिहिण्याचा आहे. महादेवाचा महादू होतो, हें सांगावयास नको. मुलाच्या नांवाचें तसें नाहीं. नाग्या व नवश्या हीं एकाच नांवाचीं दोन रूपें नव्हेत. लोकांच्या तोंडीं मात्र नाग्या कातकरी हेंच नांव राहिलें आहे, म्हणून वर तोच पाठ स्वीकारला आहे. एका गरीब कातकऱ्याच्या नांवास पाठभेद असावा, ही गोष्ट उपेक्षणीय नाहीं. त्याचें नांव एकाहून अधिक वाटांनीं आपणांपर्यंत आलें, असा तिचा अर्थ आहे.

(२)

ह्या यादीस आम्ही महजर म्हटलें आहे, तें कां, ह्याचा खुलासा केला पाहिजे. महजर म्हणजे काय, हें ह्या पृष्ठांच्या वाचकांस समजाविण्याचें कारण नाहीं. वतनाचा, हद्दीचा अथवा मानपानाचा तंटा पडला म्हणजे गोत जमे, साक्षी होत, निवाडा ठरे, आणि त्याचा कागद होई. त्या कागदाचा आरंभ हजर मजालशीनें होतो. कोणत्या गांवचा कोण पाटील, कोण कुळकर्णी, कोण बलुतेदार तेथें बसला होता, हें क्रमानें लिहिलेलें असतें. आणि ज्यास लिहितां येत नसे, तो आपल्या धंद्याची निशाणी करी. कुणब्याचा नांगर तेथें उमटलेला असतो, न्हाव्याचा आरसा असतो.

महजरांचा पहिला उपयोग वतनांचे निवाडे कळण्यास झाला. परंतु इतिहासाचार्य राजवाडे यांनीं १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ ह्या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केल्यापासून संशोधकांस हळूहळू असें कळून चुकलें कीं, निवाड्याइतकीच, किंबहुना कधीं कधीं निवाड्याहून अधिक, महत्त्वाची गोष्ट त्या हजर मजालशींत असते. निवाडा कोणा एका घराण्याचा. मजालस साऱ्या परगण्याची. कोणतीं गांवें एकमेकांस आपलीं समजत, कोणत्या जाती एका सदरेवर येत, कोणाचें नांव आधीं व कोणाचें मागाहून येई, हें सर्व त्या नांवांच्या ओळींत साठविलेलें असतें. लिहिणाऱ्याचा हेतु तें सांगण्याचा नव्हता, म्हणूनच तें अधिक विश्वसनीय ठरतें.

चिरनेरची यादी ह्याच रीतीनें वाचावी, एवढेंच आमचें म्हणणें आहे. तिचा हेतु मृतांचें स्मरण ठेवण्याचा. परंतु त्या हेतूच्या पलीकडे ती जें सांगते, तें १९३० सालच्या कोणत्याही सरकारी खलित्यांत अथवा पुढाऱ्याच्या भाषणांत शोधून सांपडावयाचें नाहीं.

(३)

यादीचा अर्थ लागण्यास जंगलाच्या वादाची पूर्वपीठिका थोडक्यांत सांगणें अवश्य आहे.

झाडांवर राजाचा हक्क किती व रयतेचा किती, हा प्रश्न इंग्रजांनीं प्रथम उत्पन्न केला, असें नाहीं. अठराव्या शतकाच्या आरंभीं रामचंद्रपंत अमात्य यांनीं लिहिलेल्या आज्ञापत्रांत आरमाराच्या लांकडाचा विचार आलेला आहे. सागवानादि झाडें परवान्यानें तोडावीं, आणि आंबा, फणस यांसारखीं रयतेनें लेंकराप्रमाणें वाढविलेलीं झाडें तिच्या राजीखुशीवांचून घेऊं नयेत, असा त्यांतील आशय आहे. राज्याची गरज आणि रयतेचा जिव्हाळा ह्या दोहोंची दखल त्या काळच्या राजनीतींत घेतली जात होती, एवढें त्यावरून दिसतें.

इंग्रजी अमलांत १८६५ सालीं पहिला जंगल कायदा झाला व १८७८ सालीं दुसरा. दुसऱ्या कायद्यानें राखीव जंगल व संरक्षित जंगल असे वर्ग पाडले. राखीव जंगलांत जें स्पष्टपणें दिलेलें नाहीं, तें सर्व निषिद्ध, असा त्याचा रोंख होता. ह्याचा परिणाम उत्तर कोंकणांतील भातशेतीवर कसा झाला, हें समजण्यास ‘राब’ म्हणजे काय, हें देशावरील वाचकांस सांगितलें पाहिजे. भाताचें रोप ज्या वाफ्यांत तयार करावयाचें, त्यावर पावसापूर्वीं झाडांच्या डहाळ्या, पालापाचोळा, गवत व शेण यांचे थर पसरून ते भाजतात. ह्यानें तण मरतें, जमीन भुसभुशीत होते व राखेचें खत मिळतें. राबासाठीं दरसाल टहाळ लागतो, आणि तो डोंगरांतून आणावा लागतो. म्हणजे खालचें शेत व वरचें रान हीं कोंकणच्या शेतकऱ्याच्या दृष्टीनें एकाच मालमत्तेचे दोन भाग होत. कायद्यानें त्यांच्यामध्यें रेघ ओढली. सर्पण, औताचें लांकूड, घराचे वासे व गुरांची चराई ह्यांची गोष्ट ह्याहून निराळी नव्हती.

गाऱ्हाणीं लवकरच सुरू झालीं. जोतीराव फुले यांनीं १८८३ सालीं लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ ह्या ग्रंथांत जंगल खात्याच्या जाचाचा उल्लेख आहे. ठाणें व कुलाबा जिल्ह्यांतील तक्रारींची चौकशी करण्यासाठीं मुंबई सरकारास जंगल कमिशन नेमावें लागलें व त्याचा अहवाल १८८७ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत राबाच्या प्रश्नाची बरीच चर्चा झाली. परंतु मूळ कायद्याचा ढांचा बदलला नाहीं. १९२७ च्या नव्या जंगल कायद्यानेंही तो कायमच ठेवला.

तेव्हां १९३० सालीं चिरनेरच्या शेतकऱ्यापुढें जो प्रश्न होता, तो त्याच्या आजानें पाहिलेला होता. हें ध्यानांत न घेतल्यास त्या वर्षींचा सत्याग्रह म्हणजे बाहेरच्या चळवळ्यांनीं फुंकलेली ठिणगी, असा ग्रह होण्याचा संभव आहे.

(४)

बाहेरून कांहींच आलें नाहीं, असें मात्र नव्हे. महात्मा गांधींनीं ता. ६ एप्रिल १९३० रोजीं दांडी येथें मिठाचा कायदा मोडला. उरणच्या भागांत मिठागरें पुष्कळ असल्यामुळें मिठाचा प्रश्न ह्या लोकांस परका नव्हता. परंतु पावसाळा आला म्हणजे मीठ पिकत नाहीं, आणि महाराष्ट्राचा पुष्कळ भाग समुद्रापासून दूर आहे. ह्या दोन्ही कारणांनीं जंगलचा कायदा मोडण्याची कल्पना पुढें आली व काँग्रेसच्या कार्यकारी समितीनें तीस संमति दिली. लोकनायक अणे यांनीं ता. १० जुलै १९३० रोजीं वऱ्हाडांत पुसद येथें गवत कापून सत्याग्रहास आरंभ केला. पुढें बागलाण, संगमनेर, अकोलें, बिळाशी अशा ठिकाणीं तो पसरला. चिरनेरचा सत्याग्रह ह्याच मालिकेंतला होय.

चिरनेरच्या वरच्या अंगास अक्कादेवीचा डोंगर आहे. तेथील राखीव रानांत जाऊन लांकूड तोडावयाचें व कायदा मोडावयाचा, असा लोकांचा बेत होता. मामलेदार जोशी पोलीस व जंगल खात्याचे लोक घेऊन बंदोबस्तासाठीं आले होते. त्या दिवशीं समुदाय मोठा जमला, पोलिसांशीं झटापट झाली, आणि गोळीबार झाला. वर दिलेलीं आठ माणसें त्यांत पडलीं. मामलेदार जोशी हेही त्याच दिवशीं मारले गेले, आणि सरकारी बाजूचीं आणखी कांहीं माणसेंही प्राणांस मुकलीं. पुढें गांवोगांव धरपकड होऊन चिरनेरचा खटला उभा राहिला.

चिरनेर येथील महागणपतीच्या देवळांत एक लोखंडी गज आहे. गोळी लागून त्यास पडलेलें भोंक आजही येणाऱ्याजाणाऱ्यांस दाखवितात. ताम्रपट व शिलालेख ज्या डोळ्यांनीं आपण पाहतों, त्याच डोळ्यांनीं हा गजही पाहिला पाहिजे. त्यावर अक्षर नाहीं, परंतु गोळी डोंगरांतच राहिली नाहीं, ती वस्तींत, देवळापर्यंत आली, हें सांगण्यास अक्षराची जरूर नाहीं.

(५)

आतां यादीकडे वळूं. पहिली गोष्ट गांवांची. नांवें आठ, गांवें सात. चिरनेरचीं दोन माणसें, आणि मोठी जुई, धाकटी जुई, कोप्रोली, पाणदिवे, खोपटें व दिघोडें ह्या सहा गांवांचें प्रत्येकीं एक. जमाव केवळ चिरनेरचा असता, तर आठांपैकीं सहा मृत परगांवचे निघणें हें केवळ अशक्यच होतें. गोळी गांव विचारून लागत नाहीं. समुदायावर ती सुटली म्हणजे त्या समुदायाचा, न कळत कां होईना, एक नमुना आपल्यापुढें येतो. तो नमुना असें सांगतो कीं, त्या दिवशीं भोंवतालचा सारा टापू चिरनेरास लोटला होता.

ह्यावर कोणी असा आक्षेप घेईल कीं, गोळ्या सरसकट सुटल्या नसून पुढच्या माणसांवर नेम धरून झाडल्या असतील. मग हा नमुना कसला? हा आक्षेप मान्य केला, तरी निष्कर्ष दुबळा होत नाहीं, उलट बळावतो. कारण मग असें ठरतें कीं, पुढें उभीं असलेलीं माणसें सात गांवांचीं होतीं. म्हणजे नुसती गर्दीच नव्हे, तर आघाडीही अनेक गांवांची मिळून बनलेली होती. दोहोंपैकीं कोणताही पक्ष घेतला, तरी एका गांवाची पुंडाई हें वर्णन टिकत नाहीं.

गांवांची जागा पाहिली म्हणजे आणखी एक गोष्ट उघड होते. हीं सर्व गांवें डोंगराच्या पायथ्याचीं नव्हेत. खोपटें खाडीकांठीं आहे. खाडीकांठच्या माणसाचें मीठ व मासळी यांवाचून अडतें, तसें त्याचें रानावांचूनही अडतें, कारण चूल, होडी, वल्हें व घर ह्यांस लांकूड लागतेंच. तेव्हां अक्कादेवीच्या डोंगरावरील बंदी ही डोंगराखालच्या एका गांवास जाचक होती व इतरांस नव्हती, अशी स्थिति नव्हती. जंगल कायद्याची हद्द नकाशावर डोंगराशीं संपत असे, पण तिची झळ खाडीपर्यंत पोंचत होती.

दुसरी गोष्ट जातींची. येथें सावधगिरी ठेवली पाहिजे. आडनांवावरून जात ठरविणें पुष्कळदां चुकीचें ठरतें. पाटील हें आडनांव दोनदां आलें आहे, त्यावरून हे दोघे पाटीलकीचे वतनदार होते, असें कोणी समजूं नये. ह्या भागांत तें आडनांव सर्रास आहे. घरत, म्हात्रे व पाटील हीं आडनांवें पनवेल-उरणकडील आगरी समाजांत फार आढळतात, एवढेंच म्हणतां येईल. कोळी, कातकरी व न्हावी ह्या तीन नांवांची गोष्ट निराळी आहे. तेथें जात अगर धंदा हाच आडनांव म्हणून लिहिला गेला आहे. ज्या माणसास आडनांव लावण्याचें कधीं कारण पडलें नाहीं, त्याचें नांव कागदावर चढविण्याची वेळ आली म्हणजे लिहिणारा हीच रीत धरी. महजरांतही ‘अमका न्हावी, मौजे अमकें’ अशीच नोंद असते. १९३० सालचा कारकून व शिवकालीन कुळकर्णी ह्यांच्या लेखण्या ह्या एका बाबतींत एकाच वळणाच्या होत्या.

तेव्हां सावधपणें बोलावयाचें, तरी एवढें निश्चित म्हणतां येतें कीं, ह्या आठांत शेतकरी आहेत, एक न्हावी आहे, एक कोळी आहे, व एक कातकरी आहे. ह्यांतील कातकऱ्याचा उल्लेख विशेष महत्त्वाचा आहे. ही रानांत राहणारी, काताच्या धंद्यावरून नांव पडलेली जात. इंग्रज सरकारानें तिच्याकडे बहुधा संशयानेंच पाहिलें, आणि गांवच्या पांढरीनेंही तिला कधीं आपल्या ओळींत बसविलें नाहीं. जुन्या महजरांच्या हजर मजालशींत कातकऱ्याचें नांव शोधूं जावें, तर हातीं बहुतेक निराशाच येते. चिरनेरच्या यादींत तें आहे, आणि चिरनेरकरांपैकींच एक म्हणून आहे. जें गोत वतनाच्या निवाड्यासाठीं जमत असे, त्याहून रानाच्या हक्कासाठीं जमलेलें गोत अधिक विशाल होतें, असें अनुमान ह्यावरून केल्यास तें धाडसाचें होणार नाहीं.

तिसरी गोष्ट नांवांच्या ठेवणीची. धाकू, गवत्या, बामा, माया, आलू, बेमट्या हीं नांवें पोथींतलीं नव्हेत, घरचीं आहेत. रघुनाथ, मोरेश्वर, परशुराम हीं त्यांच्या शेजारींच आहेत. कोणीं तीं सुधारून, संस्कृताच्या वळणावर नेऊन लिहिलीं नाहींत, हें मोठें भाग्य समजावें. स्मारकें उभारतांना अशा सुधारणेचा मोह होतो. आलूचा अलंकार व बेमट्याचा भीमराव करणारे हात आपल्याकडे कमी नाहींत. तसें होतां कामा नये.

(६)

यादी काय सांगत नाहीं, तेंही पाहिलें पाहिजे. नाहीं तर साधनाची परीक्षा अपुरी राहील.

ती मामलेदार जोशी यांचें नांव सांगत नाहीं. स्मारकाच्या यादींत तें नसणें स्वाभाविक आहे, परंतु इतिहासाच्या यादींत तें आलेंच पाहिजे. सत्याग्रह अहिंसेचा होता, आणि त्या दिवशीं सरकारी बाजूचेही प्राण गेले, ह्या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पहिली सांगून दुसरी झांकणारा इतिहासकार चिरनेरकरांचा कैवार घेतो, असें त्यास वाटत असेल. वस्तुतः तो त्यांच्या आठ मृत्यूंचें गांभीर्य कमी करतो. उलटपक्षीं, केवळ मामलेदाराचें नांव घेऊन आठ गांवकऱ्यांस ‘जमाव’ ह्या एका शब्दांत गुंडाळणें, ही सरकारी लिखाणाची रीत होती. एका बाजूस नांव व हुद्दा, आणि दुसऱ्या बाजूस नुसता आंकडा, असा जेथें प्रकार दिसेल, तेथें कागद कोणाच्या हातचा आहे, हें वाचकानें आपल्या मनाशीं समजावें.

ती एकाही स्त्रीचें नांव सांगत नाहीं. कोंकणांत डोंगरांतून डोक्यावर मोळी आणणें हें काम पिढ्यान् पिढ्या बायकांनीं केलें आहे. जंगलच्या रखवालदाराशीं रोज गांठ कोणाची पडे, विळा व दोर कोणाचा जप्त होई, हें ध्यानीं घेतलें, म्हणजे ह्या वादाचा अर्धा इतिहास आठ नांवांच्या बाहेर राहिला आहे, हें कबूल करावें लागतें. महजरांतही स्त्रिया क्वचितच येतात. ह्या बाबतींत नवा महजर जुन्याच्या पलीकडे गेलेला नाहीं.

(७)

चिरनेरची हकीकत एकटी काढून पाहिल्यास तिचें मोल पुरतें कळत नाहीं. त्या काळच्या कुलाबा जिल्ह्यांत बारा वर्षांच्या अवधींत तीन मोठे लोकप्रसंग घडले. महाड येथें ता. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकर यांच्या नेतृत्वाखालीं अस्पृश्य मानलेल्या समाजानें चवदार तळ्याचें पाणी घेतलें, व त्याच वर्षाच्या २५ डिसेंबरास तेथेंच मनुस्मृतीचें दहन झालें. १९३० सालीं चिरनेर झालें. १९३३ सालीं अलिबाग तालुक्यांत चरी येथें नारायण नागू पाटील यांच्या पुढारीपणाखालीं कुळांनीं खोतांच्या जमिनी न कसण्याचा संप पुकारला, तो १९३९ पर्यंत चालला. पाणी, रान व जमीन हे तिहींचे विषय भिन्न, पुढारी भिन्न, आणि पुष्कळ अंशीं समाजही भिन्न. परंतु तिहींत एक रीत समान दिसते. गांवोगांव निरोप जातो, एका ठरलेल्या ठिकाणीं लोक जमतात, आणि जो हक्क मागावयाचा, तो अर्ज करून न थांबतां तेथल्या तेथें बजावून दाखवितात. तळ्याचें पाणी ओंजळींत घेणें, रानांत कोयता चालविणें व शेतांत नांगर न घालणें, हीं तिन्ही कृत्यें अशाच जातीचीं होत.

ह्या रीतीची परंपरा पनवेल-उरण भागांत पुढेंही दिसते. १९७० सालीं सिडको ही संस्था स्थापन होऊन नव्या मुंबईसाठीं ठाणें व कुलाबा जिल्ह्यांतील गांवांच्या जमिनी घेण्याचें काम सुरू झालें. योग्य मोबदल्याच्या मागणीसाठीं जासई गांवचे दि. बा. पाटील (जन्म १९२६, मृत्यु २०१३) यांच्या नेतृत्वाखालीं शेतकरी उठले. ता. १६ व १७ जानेवारी १९८४ रोजीं पोलिसांच्या गोळीबारांत पांच माणसें मेलीं : नामदेव शंकर घरत, चिर्ले, रघुनाथ अर्जुन ठाकूर, धुतुम, आणि पागोटें येथील कमलाकर कृष्णा तांडेल, महादेव हिरा पाटील व केशव महादेव पाटील. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना पुढें ह्या लढ्यांतूनच आली.

चोपन्न वर्षांच्या अंतरानें झालेल्या ह्या दोन याद्या शेजारीं ठेवाव्या. टापू एक. नोंदीची रीत एक : स्वतःचें नांव, बापाचें नांव, आडनांव, गांव. फरकही बोलका आहे. १९३० च्या यादींत धाकू, बामा, बेमट्या आहेत. १९८४ च्या यादींत नामदेव, कमलाकर, केशव आहेत. दरम्यानच्या दोन पिढ्यांत शाळा गांवांत आली, व मुलांचीं नांवें बदललीं. गांवांची एकी मात्र तशीच राहिली. आणि १९३० चा वाद रानांत शिरूं देण्याचा होता, तर १९८४ चा पायाखालची जमीन जाऊं न देण्याचा अथवा तिचें न्याय्य मोल मिळण्याचा होता. रयतेच्या उपजीविकेचा जो भाग राज्यास हवासा वाटला, त्या त्या भागावरून तंटा पडला, असें ह्या दोन याद्या मिळून सांगतात.

दरसाल २५ सप्टेंबरास चिरनेर येथें हुतात्म्यांचें स्मरण होतें. त्या प्रसंगीं पोलीस दलाकडून हुतात्म्यांस मानवंदना दिली जाते. ज्या खात्याच्या बंदुकांनीं हीं आठ नांवें यादींत आलीं, त्याच खात्यानें त्या नांवांपुढें शस्त्र धरून उभें राहावें, हा राज्य बदलल्याचा जितका स्पष्ट पुरावा आहे, तितका एखाद्या जाहीरनाम्यांतही मिळणार नाहीं.

(८)

आतां शेवटचें निवेदन करून लेख पुरा करितों. अशा प्रसंगांचीं साधनें जुनीं नाहींत, म्हणून तीं टिकतील, असा एक समज आहे. तो खरा नाहीं. जाड हातकागदावर लिहिलेली पेशवाई सनद दोनशें वर्षें टिकते. १९३० सालचें स्वस्त कागदावरचें हस्तपत्रक पन्नास वर्षांतच पिवळें पडून तुटूं लागतें. सनद जपण्यांत घराण्याचा स्वार्थ असतो. समन्स, जप्तीची पावती, अगर तुरुंगांतून आलेलें पत्र जपण्यांत कोणाचा स्वार्थ नाहीं, उलट कांहींना भीति वाटली असेल. शिवाय पनवेल-उरणचीं जुनीं घरें आज झपाट्यानें पाडलीं जात आहेत. माळ्यावरच्या पेट्या पहिल्यानें टाकून दिल्या जातात.

म्हणून संग्राहकांस विनंती अशी कीं, ह्या भागांत दफ्तरें पाहतांना सनदा व महजर यांच्या खालीं पडलेल्या अर्वाचीन कागदांकडेही दृष्टि टाकावी. पोलीस पाटलाच्या दफ्तरांतील वर्द्या, जंगल गुन्ह्यांच्या दंडाच्या पावत्या, चिरनेर खटल्यांतील जबान्यांच्या नकला, सभांचीं हस्तपत्रकें, संपांत सामील झालेल्या कुळांच्या याद्या, वार्षिक स्मरणदिनाच्या निमंत्रणपत्रिका, भजनी मंडळींच्या वह्या आणि स्मारकांवरील लेखांचे ठसे, हीं सर्व साधनेंच होत. नकल करतांना नांव जसें लिहिलें असेल तसेंच उतरावें. धाकूस धाकूच राहूं द्यावें. कागद कोणत्या गांवीं, कोणत्या प्रकारच्या घरांत व कशाच्या बरोबर सांपडला, हेंही टिपून ठेवावें, कारण स्थळ सुटलें म्हणजे अर्धा अर्थ सुटतो.

वतनाच्या एका बिघ्यासाठीं गोत जमलें, तर त्याचा महजर आपण तीन तीन शतकें जपून छापून काढतों. सात गांवांचें गोत रानाच्या हक्कासाठीं जमलें, आणि त्यांतील आठांनीं आपल्या साक्षीखालीं निशाणीच्या जागीं प्राण ठेवले. त्या महजराच्या नांवांपलीकडचे कागद अद्याप ह्या भागांत विखुरलेले आहेत. ते एकत्र करण्याचें काम संशोधकांनीं अंगावर घ्यावें.